अंजदीवला उतरलेली पलटण



आज बोलायला सुरुवात करण्याआधी एक शिपाई कॅमेऱ्याजवळ धरतो. उंची 28 मिलिमीटर. डोक्यावर रुंद काठाची हॅट, अंगात विटकरी लाल कोट, खाली करडी तुमान, खांद्यावरून आडवा पट्टा आणि त्या पट्ट्याला लटकणाऱ्या दारूच्या नळ्या. हातात तोड्याची बंदूक. बारकाईने पाहिलंत तर डाव्या हातात सुतळीसारखं काहीतरी दिसेल आणि तिच्या टोकाला लाल ठिपका. तो पेटता तोडा. हा ठिपका देताना मी श्वास रोखून धरतो, कारण साठी ओलांडल्यावर हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही.

निवृत्तीनंतर मी महूला स्थायिक झालो. इथे अर्धं गाव फौजी आणि उरलेल्या अर्ध्या गावात दर दहा घरांमागे एक मराठी घर. नोकरीत असताना वाळूचा देखावा, म्हणजे ज्याला आम्ही सँड मॉडेल म्हणतो, त्याच्याभोवती उभं राहून शेकडो लढाया लढलो. हिरवा भुसा म्हणजे जंगल, निळी पट्टी म्हणजे नदी. प्रशियाच्या एका तरुण अधिकाऱ्याने, फॉन राइसविट्झने, 1824 साली नकाशावर ठोकळे मांडून लढाई खेळण्याचे नियम छापले, तिथून सैन्यातला हा अभ्यास रुजला. पुढे एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 1913 साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर पुस्तक लिहिलं आणि तीच गोष्ट घरच्या दिवाणखान्यात आली. मी दोन्हीकडचा. सरकारी वाळू सुटली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर अंथरली.

माझा काळ सतराव्या शतकाचा आणि मुलूख इंग्लंडचा. लोक विचारतात, "कर्नलसाहेब, मावळे का नाही रंगवत?" रंगवतो की. त्यांचा एक वेगळा ट्रे आहे. पण मावळ्यांना एकसारखा गणवेश नव्हता, त्यामुळे प्रत्येक शिपाई वेगळा रंगवावा लागतो आणि त्यांची गोष्ट एका वेगळ्या भागाची आहे. आज ज्या पलटणीबद्दल सांगणार आहे ती परक्यांची आहे, पण तिचा शेवट आपल्या किनाऱ्यावर झाला.

कोटाचा रंग कुठून आला

आधी थोडं रंगाविषयी. शिपाई नीट रंगवायचा तर त्याचा कोट कोणी शिवला आणि पैसे कोणी दिले हे माहीत असावं लागतं.

इंग्लंडात राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात 1642 साली यादवी युद्ध पेटलं, तेव्हा देशाला एक गणवेश नव्हता. कर्नल आपली पलटण उभी करी आणि घाऊक बाजारात जे कापड मिळेल त्याचे कोट शिवून घेई. जॉन हॅम्पडेनची पलटण हिरव्या कोटात, लॉर्ड ब्रूकची जांभळ्या. राजाच्या बाजूला न्यूकॅसलच्या मार्क्विसची पलटण तर न रंगवलेल्या लोकरीत उभी राहिली. 2 जुलै 1644 ला मार्स्टन मूरवर राजाचं सैन्य फुटलं, घोडदळ पळालं, पण हे पांढरे कोट जागचे हलले नाहीत. जवळजवळ सगळे तिथेच पडले. रंगवणाऱ्यासाठी पांढरा कोट सर्वांत अवघड. नुसता पांढरा दिला की शिपाई खडूचा वाटतो. आधी फिकट तपकिरी द्यायचा, मग साईसारखा आणि पांढरा फक्त घड्यांच्या माथ्यावर.

दोन्हीकडे सगळे रंग असल्यामुळे आपला कोण आणि परका कोण हे हॅटमध्ये खोचलेल्या खुणेवरून ठरे. मार्स्टन मूरवर पार्लमेंटवाल्यांनी हॅटमध्ये पांढरा कागद किंवा रुमाल खोचला होता. त्यांचा एक सेनापती थॉमस फेअरफॅक्स ऐन गर्दीत शत्रूमध्ये एकटा सापडला. त्याने हॅटमधली खूण काढून टाकली आणि शत्रूच्याच रांगांमधून घोडा काढत आपल्या माणसांत परत आला.

हा घोळ संपवला तो पार्लमेंटच्या नव्या सैन्याने, 1645 साली. सगळ्या पलटणींना लाल कोट आणि ओळखायला फक्त अस्तराचा रंग वेगळा. त्या वेळच्या खरेदीच्या करारात लिहिलेलं आहे की कोटाचं कापड लाल हवं, तुमानीचं करडं किंवा दुसऱ्या चांगल्या रंगाचं, आणि दोन्ही कापडं शिवण्यापूर्वी गार पाण्यात घालून आटवून घेतलेली हवीत. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. पहिल्या धुण्यात आखडलेली सरकारी पँट मीही घातलेली आहे. करार लिहिणाऱ्याला शिपायाची अडचण ठाऊक होती.

लालच का? शत्रूला रक्त दिसू नये म्हणून, असं आपण लहानपणी ऐकतो. खरं कारण व्यापारी आहे. हा लाल मॅडर नावाच्या वनस्पतीच्या मुळांपासून निघे आणि तो स्वस्त होता. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची सख्खी चुलत बहीण. आजीच्या बटव्यातली मंजिष्ठा आठवते ना, तीच जात. तिचा लाल भडक नसतो, विटेकडे झुकतो. म्हणून मी आधी गडद तपकिरी देतो, त्यावर विटकरी, आणि खांदा, कोपर, घडीचा माथा एवढ्याच जागी थोडा उजळ लाल. अधिकाऱ्यांचा भडक किरमिजी मेक्सिकोतल्या किड्यांपासून येई, तो महाग. एका पलटणीत दोन लाल दिसले की शिपाई कोण आणि साहेब कोण ते कळतं.

पाईक आणि पाईक

आता शस्त्रांकडे. इंग्रजी कागदांवर पूर्ण पलटण 1200 माणसांची, कंपन्या 10. कर्नलची कंपनी 200 ची, लेफ्टनंट कर्नलची 160 ची, मेजरची 140 ची आणि उरलेल्या सात कॅप्टनांच्या प्रत्येकी 100 च्या. प्रत्यक्षात इतकी माणसं क्वचितच भरत. दर तिघांत दोघे बंदूकवाले आणि एक भालाईत. भाला 16 ते 18 फूट लांब. इंग्रजीत त्याला पाईक म्हणतात. आपल्याकडे पाईक म्हणजे पायदळातला माणूस. शब्दांचा संबंध नाही, पण दोन्ही पाईक सतराव्या शतकात एकाच वेळी नांदत होते. आपल्याकडे पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी अशी उतरंड होती. त्यातले नाईक आणि हवालदार आजही आपल्या फौजेत आहेत.

माझ्या मापात भाला साधारण 85 मिलिमीटरचा होतो, शिपायाच्या तिप्पट. प्लॅस्टिकचे भाले डब्यात ठेवता-काढता मोडतात, म्हणून मी पोलादी तारेचे करतो. टोक चपटं ठोकायचं आणि कानशीने घासायचं. शिपायाच्या मुठीला आरपार छिद्र पाडायला बारीक हातड्रिल लागतं. एका मुठीला दहा मिनिटं. या कामात बोटाला टोचलं नाही असा दिवस नाही.

बंदूकवाल्याचं काम त्याहून किचकट. 1607 साली हॉलंडमध्ये याकोब द गाइनचं कवायतीचं पुस्तक निघालं, त्यात बंदूक आणि भाला हाताळण्याची 117 चित्रं आहेत. तोडा काढा, फुंका, पेटवा, नळी उघडा, दारू ओता, ठासा, टेका लावा, नेम धरा. आजचे मूर्तिकार शिपाई घडवताना हीच चित्रं पुढे ठेवतात. ती पाहताना मला अकादमीचा ड्रिल उस्ताद आठवतो. पावसात तोडा विझला की बंदूक म्हणजे काठी. रात्री पहाऱ्यावर तोडा पेटता ठेवला की शत्रूला दुरून ठिपका दिसतो आणि विझवला की गोळी झाडता येत नाही. असा शिपाई उभा करायचा म्हणजे त्याची ही रोजची पंचाईत रंगात आणायची.

चारशे माणसं

आता मूळ गोष्ट.

23 जून 1661 ला इंग्लंडचा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या लग्नाचा तह झाला. हुंड्यात आफ्रिकेतलं टॅंजियर आणि आपली मुंबई. शाळेत आपण इथवर शिकतो आणि पुढच्या धड्याकडे जातो. पण हुंडा ताब्यात घ्यायला कोणीतरी जावं लागतं. 1662 साली राजाने अर्ल ऑफ मार्लबरोच्या आरमाराबरोबर सर अब्राहम शिपमन आणि 400 शिपाई रवाना केले. चार कंपन्या.

सप्टेंबर 1662 मध्ये आरमार मुंबईला पोचलं. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट द्यायला नकार दिला. तहात मुंबईबरोबर साष्टीही येते की नाही यावर वाद, कागदपत्रांवर वाद. मार्लबरो जहाजं घेऊन परत गेला. चारशे माणसं मात्र इथेच राहिली आणि त्यांना उतरायला जागा नव्हती. सुरतेच्या इंग्रज वखारीला ती नको होती, कारण एवढे हत्यारबंद गोरे उतरले तर मोगल सुभेदार बिथरला असता. शेवटी शिपमन त्यांना घेऊन कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर उतरला.

अंजदीव लहानसं आहे. 1498 साली वास्को द गामा तिथे गोड्या पाण्यासाठी थांबला होता. 1505 मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला बांधला आणि लवकरच सोडूनही दिला. आज ते कारवारच्या नौदल तळाच्या आवारात येतं. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी हे बेट घेताना आपल्या नौदलाचे 7 जण कामी आले. त्यांना प्रणाम करून पुढे जातो.

शिपमनच्या माणसांनी तिथे दोन पावसाळे काढले, 1663 चा आणि 1664 चा. कोकणच्या पावसाची आपल्याला सवय आहे. लोकरी कोट घालून इंग्लंडातून आलेल्या माणसाला ती नव्हती. निवारा अपुरा, खाणं अपुरं, त्यात ताप आणि हगवण. एकही लढाई झाली नाही. एप्रिल 1664 मध्ये खुद्द शिपमन वारला. त्याचा चिटणीस हंफ्री कुक याने पोर्तुगीजांशी बोलणी पुरी केली आणि फेब्रुवारी 1665 मध्ये मुंबईचा ताबा घेतला. हजेरी झाली तेव्हा साधे शिपाई उरले होते 97.

याच फेब्रुवारीत छत्रपती शिवाजी महाराज आरमार घेऊन बसरूरच्या स्वारीवर गेले होते आणि परतताना कारवारच्या भागातून आले. एकाच किनाऱ्यावर, एकाच महिन्यात, एक आरमार जोमात होतं आणि एक पलटण उरलीसुरली माणसं मोजत होती.

पंधरा शिपाई डब्यात

खेळात एक शिपाई वीस माणसांच्या जागी धरतात. म्हणून मी शिपमनची पलटण वीस शिपायांची केली. चौदा बंदूकवाले, चार भालाईत, एक ढोलवाला, एक निशाणवाला. कोट लाल, कारण राजा परतल्यावर इंग्रजी पायदळात तोच रंग रूढ झाला होता. रंगवायला दीड महिना लागला. रविवारी खेळायला येणारे माझे मित्र, एक निवृत्त सुभेदार मेजर आणि एक बँकेतले गृहस्थ, त्यांना पलटण दाखवली आणि गोष्ट सांगितली. सुभेदार मेजरसाहेबांनी विचारलं, "साहेब, लढाई कुठली खेळायची?"

मी म्हटलं, "लढाई नाही. अंजदीव."

बँकवाले म्हणाले, "मग फासे कशाला टाकायचे? समोर शत्रूच नाही."

त्यांचं खरं होतं. आमच्या नियमपुस्तकात बंदुकीच्या पल्ल्याला पान आहे, भाल्याच्या रेट्याला पान आहे, शिपाई डगमगला तर काय त्यालाही पान आहे. तापाला पान नाही. तेव्हा आम्ही फासे टाकले नाहीत. मी एकेक शिपाई चादरीवरून उचलून लाकडी डब्यात ठेवत गेलो. पंधरा उचलले, पाच उरले. शिपमनची मूर्ती वेगळी केली होती, तीही डब्यात गेली. तिच्या जागी कुकची ठेवली. त्याच्या हातात मी तलवार दिलेली नाही, कागदाची गुंडाळी दिली आहे. टेबल एकदम मोठं दिसायला लागलं. कोणी बोललं नाही.

मला त्या वेळी काय आठवलं ते इथे सांगतो. ते सांगायचं म्हणूनच हा विषय घेतला.

ऐंशीच्या दशकात मी कॅप्टन असताना ईशान्येत, डोंगराच्या पायथ्याच्या एका चौकीवर होतो. तिथे संध्याकाळी बाह्या खाली करायच्या, मच्छरदाणी लावायची आणि मलेरियाची गोळी रांगेत उभं राहून अधिकाऱ्यासमोर गिळायची. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. एकदा लांबची गस्त होती. सलग काही दिवस मी ती रांग घेतली नाही. माणसं दमलेली आहेत, शहाणी आहेत, आपली आपण घेतील असं धरून चाललो. परतल्यावर आठवड्याभराने साताऱ्याकडच्या एका पोराला ताप चढला. तो मेंदूत गेला. हेलिकॉप्टर मागवलं, पण ढग उतरलेले होते. तिसऱ्या दिवशी ते आलं तेव्हा उशीर झाला होता. चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. कागद बरोबर होते. पण त्याच्या वडिलांना पत्र मी लिहिलं आणि त्या पत्रात "कर्तव्यावर असताना" असे शब्द घातले. ते खोटे नव्हते. पुरे मात्र नव्हते.

ब्रह्मदेशच्या आघाडीबद्दल जनरल स्लिम यांनी नोंदवलं आहे की 1943 साली जखमी म्हणून मागे पाठवलेल्या प्रत्येक माणसामागे 120 माणसं आजारी म्हणून मागे पाठवावी लागत. त्यांनी अचानक तपासण्या लावल्या. ज्या पलटणीत गोळ्या घेतल्या जात नव्हत्या तिच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवलं. तिघांना पाठवल्यावर बाकीच्यांना समजलं. ते मी माझ्या चौकीच्या नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

म्हणून तरुण अधिकाऱ्यांना आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे. कुठल्याही लढाईचा नकाशा वाचताना बाण बघा, पण आधी एक प्रश्न विचारा. निघाले किती आणि पोचले किती? नेझबी, पानिपत, कोणतीही मोहीम घ्या. रसद, पाणी, निवारा, ताप. बरेचदा निकालाचं कारण पहिल्या गोळीच्या आधीच घडलेलं असतं.

पुढे काय झालं

27 मार्च 1668 च्या सनदेने राजाने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली. भाडं वर्षाला 10 पौंड. शिपमनच्या पलटणीतले जे कोणी उरले होते त्यांना कंपनीच्या नोकरीचा पर्याय मिळाला. त्यातून कंपनीची मुंबईतली युरोपियन पलटण उभी राहिली. ती पुढे 1862 साली राणीच्या सैन्यात 103 क्रमांकाची झाली, मग आयर्लंडच्या रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्समध्ये गेली आणि 1922 साली विसर्जित झाली. कंपनीने सनदेनंतर शंभर वर्षांनी, 1768 साली, मुंबईत देशी शिपायांची एक बटालियन उभी केली. तीच आजची मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण. मधल्या काळात तिचाही क्रमांक 103 होता. गोऱ्यांची 103 संपली, आपली अजून उभी आहे.

त्या चारशे माणसांशी माझं नातं नाही. ती एका राजाच्या लग्नाचा हुंडा गोळा करायला आली होती. त्यांच्या मागोमाग जे राज्य आलं त्याने आपलं काय केलं हे आपण जाणतो. तरीही ती शिपाई माणसं होती. त्यांना कुठे उतरायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. त्यांच्यासाठी कोणी मच्छरदाणी तपासली नाही, कारण डास ताप आणतो हे कोणाला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.

आता आमच्या रविवारच्या नियमांत आम्ही एक पान जोडलं आहे. मोहिमेचा डाव असेल तर प्रत्येक महिन्याला प्रत्येक पलटणीचा एक फासा आजारपणाचा. तळ पाण्याजवळ आहे का, धान्य आहे का, पाऊस आहे का, त्यावरून आकडा ठरतो. सुभेदार मेजरसाहेबांनी त्यात स्वतःहून एक ओळ घातली: सेनापती त्या महिन्यात स्वतः तळावर फिरला असेल तर फाशात एक मिळवा. त्यांनी ती का घातली ते मी विचारलं नाही.

कोणाला हा छंद सुरू करायचा असेल तर घाई करू नका. एक डबा, तीन ब्रश, आठ रंग पुरेत. शिपाई साबणाच्या पाण्यात धुवा, वाळवा, करड्या प्रायमरचा पातळ हात द्या आणि एका दिवशी एकच रंग लावा. पहिली पलटण वाईट होईल. ती फेकू नका.

लाकडी डबा मी कपाटात आत ठेवलेला नाही. टेबलाजवळच्या फळीवर आहे, झाकण उघडं. येणारा प्रत्येक जण विचारतो की हे शिपाई तयार असून खेळात का नाहीत. मग मी पहिल्यापासून सांगतो.

पुढच्या भागात मावळ्यांचा ट्रे काढू. तोपर्यंत जय हिंद.